उंदरांच्या मूत्राशयावरचा प्रयोग आणि मेडिकलमधली गोळी

मा. संपादक,
सादर नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत नुकतेच एक टिपण प्रसिद्ध झाले. मानसिक ताणामुळे मूत्राशयाला होणारी इजा अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिजनच्या घातक रूपांना विझवणाऱ्या, औषधांनी भरून येते, असा त्याचा आशय होता. मूळ प्रयोगाची माहिती त्यात चुकीची दिली होती असे मी म्हणणार नाही. परंतु हा प्रयोग उंदरांवर झालेला आहे, हे वाचकाला अगदी शेवटच्या परिच्छेदात, तेही अर्ध्या वाक्यात कळत होते, आणि तोवर मेलॅटोनिन (झोपेचे संप्रेरक), क जीवनसत्त्व, डाळिंबाचा अर्क अशी खरेदीची यादी त्याच्या हाती पडलेली होती. मी सोलापुरात बरीच वर्षे फार्मसीच्या विद्यार्थ्यांना औषधशास्त्र शिकवले आणि त्यांपैकी कित्येकजण आज शहरात मेडिकल चालवतात. मोबाइलवर त्या टिपणाचा फोटो दाखवून ‘ही लघवीची गोळी द्या’ म्हणणारी गिऱ्हाइके येऊ लागल्याचे त्यांच्याकडून ऐकले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझी तक्रार प्रयोगाविषयी मुळीच नाही. प्रयोग चांगला आहे; त्यातला आपल्या उपयोगाचा भाग मात्र टिपणात मागे पडला आणि माणसांवर सिद्ध न झालेला भाग पुढे आला.

आधी प्रयोग काय असतो ते सांगतो. उंदराला पाणी टाळण्याची उपजत ओढ असते. पाण्याने भरलेल्या टाकीच्या मध्यभागी एक लहानसा ठोकळा ठेवून त्यावर उंदराला रोज साधारण तासभर बसवले जाते, आणि हा क्रम काही दिवस चालतो. त्याला मारहाण होत नाही, विजेचा झटका दिला जात नाही, उपाशीही ठेवले जात नाही. चारही बाजूंनी पाणी आणि निसटायला वाट नाही, एवढाच त्याच्यावरचा ताण. तुर्कस्तानातील मार्मारा विद्यापीठाच्या संशोधकांनी या पद्धतीने केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. नुसता ताण दिलेल्या उंदरांच्या मूत्राशयाचे आतले अस्तर जागोजागी विस्कटलेले व सोललेले आढळले, त्याखालच्या थरात दाह निर्माण करणाऱ्या मास्ट पेशींची संख्या वाढली होती, पेशींच्या आवरणातील स्निग्ध पदार्थ खराब झाल्याची खूण असलेले मॅलनडायअल्डिहाइड वाढले होते आणि शरीराचे स्वतःचे संरक्षक द्रव्य असलेले ग्लुटाथायोन घटले होते. ज्या उंदरांना ताणाबरोबर मेलॅटोनिनही दिले गेले, त्यांच्यात ही सारी बिघाडाची लक्षणे बरीच सौम्य होती. पुढे त्याच विद्यापीठात टॉरीन या द्रव्यावरही असेच काम झाले आणि निष्कर्ष त्याच दिशेचे आले.

हे घडते कसे, याचे जे स्पष्टीकरण आज दिले जाते ते समजून घेण्यासारखे आहे. मूत्राशयाचे अस्तर ही शरीरातील सर्वांत कमी पाझरणारी भिंत समजली जाते, कारण तासन्‌तास साठलेल्या लघवीतील पोटॅशियम, युरिया आणि इतर टाकाऊ द्रव्ये परत रक्तात किंवा खालच्या स्नायूंत शिरू नयेत हेच तिचे काम. सर्वांत वरच्या छत्रीसारख्या पसरट पेशी, त्यांच्या पृष्ठभागावरची प्रथिनांची घट्ट फरसबंदी आणि त्याहीवर साखरयुक्त द्रव्यांचा बुळबुळीत थर, अशी तिची रचना असते. ताणाच्या वेळी मेंदूतून सुटणारी संप्रेरके आणि मूत्राशयापर्यंत पोहोचणाऱ्या मज्जातंतूंचे संदेश यांच्यामुळे अस्तराखाली मज्जातंतूंना लागूनच बसलेल्या मास्ट पेशी आपल्यातला हिस्टामिन व इतर दाहक पदार्थांचा साठा रिता करतात. त्यातून सूज येते, पांढऱ्या पेशी गोळा होतात, त्यांच्यातून ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे म्हणजे फ्री रॅडिकल्स बाहेर पडतात आणि अस्तराच्या पेशींचे आवरण त्यांच्या माऱ्यात सापडते. भिंत एकदा पाझरू लागली की लघवीतील पोटॅशियम थेट मज्जातंतूंना डिवचते, आणि मूत्राशय अर्धेही भरलेले नसताना लघवीची तीव्र घाई, ओटीपोटात दुखणे सुरू होते. पाण्याच्या ताणाखाली ठेवलेल्या उंदरांची लघवीची वारंवारता आणि मूत्राशयाची संवेदनशीलता वाढते, हे इतर प्रयोगशाळांतही दिसून आले आहे.

आता माझा मुख्य मुद्दा. ‘नुसता ताण दिलेला गट’ हा अशा प्रयोगात तुलनेसाठी असतो आणि बातमी लिहिताना त्याच्यावरून चटकन पुढे जाऊन औषधाच्या गटाकडे वळण्याची सवय आपल्याला लागली आहे. माझ्या मते या कामाची खरी बातमी त्या पहिल्या गटातच आहे. कोणताही जंतू आत शिरलेला नाही, खडा नाही, बाहेरून कसलीही इजा नाही, तरी केवळ रोजच्या धास्तीने एका प्राण्याच्या मूत्राशयाचे अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल इतके फाटते. १९३६ साली हान्स सेल्ये यांनी उंदरांवरच्याच प्रयोगांतून निरनिराळ्या त्रासांना शरीर एकाच ठरावीक पद्धतीने उत्तर देते आणि त्यात जठराला व्रण पडतात हे दाखवले होते. जठराच्या बाबतीत ती गोष्ट आपल्या घराघरांत पोहोचली, ‘टेन्शनने अ‍ॅसिडिटी झाली’ असे आपण सहज बोलतो. मूत्राशयाच्या बाबतीत मात्र ती पोहोचलेली नाही.

त्याचा परिणाम कोणाला भोगावा लागतो, हे सोलापुरात राहणाऱ्याला सांगायला नको. विडी वळणाऱ्या, शिलाईकामाला जाणाऱ्या, यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरणाऱ्या हजारो स्त्रिया या शहरात आहेत. कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह धड नसते म्हणून पाणी कमी प्यायचे, लघवी दाबून ठेवायची, मजुरी नगावर म्हणून जागचे उठायचे नाही, आणि घरी काही दिवसांआड येणारे पाणी भरण्यासाठी झोप मोडायची, अशा दिनक्रमात मे महिन्याचा उन्हाळा मिसळला की ‘उन्हाळी लागली’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. पुष्कळदा ती साध्या जंतुसंसर्गाची असते आणि योग्य प्रतिजैविकाने बरी होते. परंतु काहीजणींची लघवीची तपासणी पुन्हा पुन्हा निर्दोष येते, सोनोग्राफीत काही सापडत नाही, आणि दुखणे व घाई महिनोन्‌महिने सुटत नाही. वैद्यकात या विकाराला इंटरस्टिशियल सिस्टायटिस किंवा मूत्राशय-वेदना विकार म्हणतात, आणि तो पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतो. अशा बाईला घरातून आणि कधी कधी दवाखान्यातूनही ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, हे सगळे तुमच्या मनात आहे’ असे ऐकून घ्यावे लागते. उंदरांच्या प्रयोगावरून प्रत्येक बाईचे दुखणे ताणानेच आले असे ठरवता येणार नाही, तो अर्थ कोणी काढू नये. मात्र मनावरचा भार मूत्राशयाच्या पेशींपर्यंत पोहोचण्याची वाट शरीरात अस्तित्वात आहे आणि म्हणून ‘मनात आहे’ या शब्दांनी तक्रार निकालात काढणे अशास्त्रीय आहे, एवढे म्हणण्यास हा प्रयोग निश्चितच आधार देतो. आपल्या पुरवणीने हे लिहिले असते तर ते कात्रण मी स्वतः चार ठिकाणी वाटले असते.

औषधाच्या गटाकडे आता वळतो. उंदरांत मेलॅटोनिनचा उपयोग झाला, तर माणसाने ते घ्यायला हरकत काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. पहिली अडचण मात्रेची. उंदरांवरच्या अशा प्रयोगांत मेलॅटोनिन बहुधा वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम दिले जाते, तेही पोटात सुई टोचून. उंदराची मात्रा माणसाला थेट गुणाकाराने लागू होत नाही. शरीराच्या पृष्ठफळाचा हिशेब धरून ती साधारण ६.२ ने भागावी, असा संकेत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ च्या मार्गदर्शिकेत दिला आहे. त्या हिशेबाने ६० किलो वजनाच्या माणसाची मात्रा सुमारे ९७ मिलिग्रॅम होते. आपल्या मेडिकलमध्ये झोपेसाठी मिळणारी गोळी सर्वसाधारणपणे ३ मिलिग्रॅमची असते. म्हणजे टिपण वाचून रोज एक गोळी घेणारा माणूस त्या प्रयोगातील मात्रेच्या तिसाव्या हिश्श्यालाही पोहोचत नाही, आणि तीसबत्तीस गोळ्या रोज घेण्याचा सल्ला कोणताही शहाणा माणूस देणार नाही. (हे वाचून कोणी तसा हिशेब करू नये, म्हणून मुद्दाम लिहितो.)

दुसरी अडचण वेळेची. बहुतेक अशा प्रयोगांत औषध ताण सुरू असतानाच्या दिवसांतच दिलेले असते, त्यामुळे इजा होत असताना ती रोखली गेली एवढेच त्यातून कळते. पाचपाच वर्षे दुखणे अंगावर काढलेल्या रुग्णाचे अस्तर त्याने पूर्ववत होईल का, या प्रश्नाला हा प्रयोग हातच घालत नाही. शिवाय प्रत्येक गटात मोजके उंदीर, सगळे एकाच वंशाचे, एकाच खाद्यावर वाढलेले, कोणालाही मधुमेह नाही, कोणी तंबाखू खात नाही आणि कोणाची बाळंतपणे झालेली नाहीत.

उंदीर आणि माणूस यांच्यातील दोन फरक तर या विषयात अगदी कळीचे आहेत. उंदीर हा निशाचर प्राणी आहे. मेलॅटोनिन त्याच्या शरीरात आपल्यासारखेच रात्री वाढते, परंतु ती त्याच्या धावपळीची वेळ असते आणि आपली झोपेची. दुसरा फरक क जीवनसत्त्वाचा. उंदराचे यकृत क जीवनसत्त्व स्वतः तयार करते. माणसाने ते तयार करणारे विकर (एन्झाइम) उत्क्रांतीच्या ओघात गमावले आणि म्हणून आपल्याला ते पेरू-आवळ्यातून मिळवावे लागते. ज्या प्राण्याची अँटिऑक्सिडंटची अंतर्गत व्यवस्थाच आपल्यापेक्षा वेगळी, त्याच्यावरून आपल्या कॅप्सूलचा निर्णय करणे किती जोखमीचे आहे, हे माझे द्वितीय वर्षाचे विद्यार्थीही ओळखत असत.

माणसांवर मोठ्या प्रमाणात तपासले तेव्हा अँटिऑक्सिडंटचे काय झाले, याचा इतिहास तर अधिकच सावध करणारा आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटने फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती; प्रत्यक्षात तो १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेत बीटा-कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व एकत्र देणारी चाचणी १९९६ मध्ये ठरलेल्या मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण तेथेही कर्करोग वाढलाच होता. ३५ हजारांवर पुरुषांच्या आणखी एका चाचणीत ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक दिसला, हे २०११ मध्ये जाहीर झाले. या सर्व द्रव्यांच्या बाजूने प्राण्यांवरचे आणि परीक्षानळीतले उत्साहवर्धक पुरावे आधीपासून होते. फ्री रॅडिकल्स हे शरीराचे निव्वळ शत्रू नाहीत. जंतू मारण्यासाठी आणि बिघडलेल्या पेशींना संपवण्यासाठी शरीर त्यांचाच वापर करते, त्यामुळे ती सरसकट विझवली की फायदाच होईल असे गृहीत धरता येत नाही.

मूत्राशयाच्या दुखण्यावर माणसांत काहीच झालेले नाही असेही नाही. क्वेर्सेटिन या वनस्पतिजन्य अँटिऑक्सिडंटचा एक लहानसा प्रयोग २००१ साली २२ रुग्णांवर झाला, त्यांना बरेही वाटले. परंतु त्यात खोटी, म्हणजे औषध नसलेली, गोळी घेणारा तुलनेचा गट नव्हता, आणि या विकारात खोट्या गोळीनेही बऱ्याच जणांना काही काळ आराम पडतो हे सर्वश्रुत आहे. क्वेर्सेटिन कांद्यात भरपूर असते, आणि तेवढ्यावरून आपल्या बाजार समितीतला कांदा औषध ठरत नाही. सगळ्या चाचण्यांतून पार पडून मान्यता मिळवलेल्या औषधाचीही गोष्ट पाहा. मूत्राशयाच्या अस्तरावरचा संरक्षक थर भरून काढण्याच्या उद्देशाने पेंटोसन पॉलिसल्फेट या औषधाला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली, आणि दीर्घकाळ ते घेणाऱ्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ शकते हे २०१८ मध्ये प्रथम लक्षात आले. वेष्टनावर तसा इशारा २०२० मध्ये आला. दोन दशके वापरलेल्या औषधाची ही कथा, मग ज्याची या दुखण्यासाठी माणसांत धड चाचणीच झालेली नाही त्याची खात्री कोणी द्यायची?

डाळिंबाविषयी लिहिताना सोलापूरकर म्हणून मला थोडे जपून लिहावे लागत आहे. भौगोलिक मानांकन मिळालेले आपले डाळिंब, केगावचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, सांगोला-पंढरपूरच्या माळरानावर भगवा वाणाने आलेली सुबत्ता, या सर्वांचा मलाही अभिमान आहे. डाळिंबात प्युनिकॅलाजिनसारखी प्रभावी अँटिऑक्सिडंट द्रव्ये असतात हेही खरे. परंतु ही द्रव्ये जशीच्या तशी रक्तात शोषली जात नाहीत; आतड्यातील जंतू त्यांचे युरोलिथिन नावाच्या लहान रेणूंत रूपांतर करतात, आणि ते जंतू प्रत्येकाच्या आतड्यात सारखे नसल्यामुळे एकाच पेल्यातला रस दोन माणसांच्या शरीरात वेगवेगळा ठरतो. मूत्राशय-वेदना विकार असलेल्या काही रुग्णांना आंबट फळे, रस, चहा-कॉफी आणि क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या यांनी उलट जळजळ वाढल्याचा अनुभव येतो, आणि मधुमेह्याने गाळलेला रस पेलाभर पिणे तर एरवीही इष्ट नाही. डाळिंब खुशाल खावे, दाणे काढून खावे, फळ म्हणून खावे.

माझी खरी काळजी गोळीच्या अपायापेक्षा गोळीमुळे जाणाऱ्या वेळाची आहे. लघवीची घाई आणि जळजळ यांच्यामागे जंतुसंसर्ग, खडा, मधुमेह, क्षयरोग किंवा क्वचित मूत्राशयाचा कर्करोगही असू शकतो. तंबाखूचा धूर हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे ज्ञात कारण आहे, आणि रंगाच्या कारखान्यातील कामगारांना हा कर्करोग होतो हे लुडविग रेन या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९५ मध्येच नोंदवून ठेवले आहे. सूत रंगवण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आणि विडी ओढणाऱ्यांची कमतरता नसलेल्या गावात ही नोंद सर्वांना माहीत असायला हवी. लघवीतून एकदा रक्त जाऊन दुसऱ्या दिवशी आपोआप थांबले, दुखलेही नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि त्याच वेळी हातात ‘मूत्राशयासाठी’ म्हणून घेतलेली डबी असेल तर ती गुण आल्याचे श्रेयही घेऊन जाते. त्यानंतर जाणारे दोनचार महिने फार महाग पडू शकतात.

आपल्या पुरवणीकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. प्रयोग उंदरांवर झाला असेल तर ‘उंदरांत’ हा शब्द मथळ्यातच यावा, शेवटी नको. मात्रा किती होती, औषध तोंडाने दिले की टोचून, इजेच्या वेळी दिले की नंतर, आणि माणसांवर तुलनात्मक चाचणी झाली आहे का, एवढ्या गोष्टी दोन ओळींत मावतात आणि त्या दिल्याने टिपण कंटाळवाणे होत नाही. अशा टिपणाच्या शेजारीच कॅप्सूलची जाहिरात छापली जाणार नाही, एवढी काळजी जाहिरात विभागानेही घ्यावी. आणि शक्य असेल तर ज्या स्त्रियांची लघवीची तपासणी वारंवार निर्दोष येऊनही त्रास थांबत नाही, त्यांनी कोणत्या तज्ज्ञाकडे जावे, लघवीच्या वेळांची आणि पाण्याची नोंदवही कशी ठेवावी, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल करण्याचे व्यायाम आणि ताण हलका करण्याचे उपाय यांना उपचारात कोणते स्थान आहे, याविषयी एखाद्या मूत्रविकारतज्ज्ञाकडून स्वतंत्र लेख लिहवून घ्यावा. हे उपाय या विकाराच्या उपचारात मान्य झालेले आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना पैसे पडत नाहीत. तो लेख येईपर्यंत निदान पुढील अंकात एवढी चौकट अवश्य द्यावी, की लघवीतून रक्त गेल्यास, लघवीच्या त्रासाबरोबर थंडीताप आल्यास किंवा गरोदरपणात जळजळ सुरू झाल्यास कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने न घेता त्याच दिवशी शासकीय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जाऊन लघवीची तपासणी करून घ्यावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त औषधशास्त्र शिक्षक,
सोलापूर